दस्ता घरी घडवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

रायफलला लाकडी दस्ता, म्हणजे हातात धरायचा आणि खांद्याला टेकवायचा भाग, घरच्या घरी हातानं करता येतो का, असं विचारणारी पत्रं एवढी आलीयेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. काही पत्रं शूटिंग शिकणाऱ्या मुलांच्या आईवडलांची, काही सुतारांची, एक थेट अमेरिकेतून. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत परत लिहायला नको. भारतात राहणाऱ्यांसाठी इथलं सगळं एअर रायफलबद्दल आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच धरलेत, आणि काडतुसाची बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं याला वेगळं लायसन्स लागतं, ते तुमच्या मालकीच्या लायसन्समध्ये येत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिमी बोअरची (नळीच्या भोकाचं माप) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल मात्र लायसन्सशिवाय ठेवता येते, त्यामुळे हौशी माणसाचं सुतारकाम तिच्यावरच. स्प्रिंग, सिलिंडर, ट्रिगर यांना हात लावायचा नाही, फक्त लाकूड.

प्रश्न : नमस्कार काका. माझी मुलगी सातवीत आहे, क्लबात १० मीटर एअर रायफल शिकतेय. ती डावखुरी आहे आणि क्लबातल्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. गाल नीट टेकत नाही, मान वाकडी होते, कोच म्हणतात दस्ता बदला. डावखुरा इंपोर्टेड दस्ता आमच्या बजेटमध्ये बसत नाही. घरी एक स्प्रिंगची एअर रायफल आहे, तिला मीच दस्ता करावा म्हणतोय, थोडंफार सुतारकाम येतं. सुरुवात कुठून करू?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सुरुवात लाकडापासून करू नका, मुलीपासून करा. लोक आधी वखारीत जातात, मस्त रेघांची फळी घेऊन येतात आणि मग जुन्या दस्त्याचा आकार तिच्यावर गिरवतात, म्हणजे जी अडचण होती तीच नव्या लाकडात परत कोरून ठेवतात. हातानं दस्ता करायचं एकच खरं कारण आहे, तो त्या एका माणसाच्या अंगाला बसावा.

तुमच्या कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, २०१० ची ५० मीटर प्रोनची (पालथं झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती, आणि राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे दिला, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ. त्यांचे नेम धरलेले फोटो मुलीबरोबर बसून नीट बघा. रायफल चेहऱ्याकडे आणलेली दिसेल, चेहरा रायफलकडे ओढलेला नाही. मान जवळजवळ सरळ. हेच तुम्हाला लाकडात आणायचंय.

पहिलं काम, तिचा डोळा तपासा. हात डावा चालतो म्हणजे डोळाही डावाच असतो असं नाही. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला सांगा, त्यातून लांबचं काहीतरी, समजा भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही डोळ्यांनी बघायचं, मग आलटून पालटून एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं घड्याळ खिडकीतच राहतं तो तिचा नेमाचा डोळा. हात डावा आणि डोळा उजवा निघाला तर लाकूड आणायच्या आधी कोचशी बोला, कारण मग सगळा हिशेबच बदलतो.

डोळाही डावा असेल तर मापं घ्या. तीन महत्त्वाची. ट्रिगरपासून बटच्या (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) टोकापर्यंतची लांबी, म्हणजे लेंथ ऑफ पुल. मोठ्या माणसांच्या कारखानी रायफलींमध्ये ती साधारण साडेतेरा इंच असते, सातवीतल्या मुलीला एवढी नक्कीच जास्त होणार. दुसरं, गाल टेकतो तिथली उंची. तिसरं, ग्रिपचं, म्हणजे हातात धरायच्या जागेचं, ट्रिगरपासूनचं अंतर, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ पडलं पाहिजे. डावखुऱ्यांचा चीकपीस, म्हणजे गाल टेकायचा उंचवटा, दस्त्याच्या उजव्या अंगाला येतो हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण सवयीनं हात उजव्याचाच आकार काढतो.

आणि मूल वाढतं. म्हणून लाकूड तिच्या आजच्या मापाला थोडं आखूडच ठेवा आणि बट प्लेटच्या मागे ५-६ मिमीच्या फळ्या, स्पेसर, घालायची सोय करा. दरवर्षी एकेक वाढवत न्यायची. चीकपीससुद्धा वेगळा करून दोन स्क्रूवर वरखाली सरकेल असा केलात तर अजून उत्तम.

आता फार महत्त्वाचं. पहिला दस्ता पॅकिंगच्या खोक्याच्या पाइनवुडचा करा, पूर्ण आकाराचा. दिसायला कसाही असू दे. त्यावर तिला उभं राहायला सांगा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा, अंग सैल सोडायचं, मग डोळे उघडायचे. मागच्या पीपमधून, म्हणजे नेमाच्या बारीक भोकातून, पुढचं साइट आपोआप मध्यात दिसलं पाहिजे. वर दिसतंय, खाली दिसतंय, बाजूला दिसतंय तसं पाइन घासा किंवा एम-सील लावून चढवा. हे क्लबात कोचसमोर करा आणि दोन चार आठवडे करत राहा, एका दिवशी बरं वाटलेलं माप दुसऱ्या दिवशी चुकीचं वाटतं. पाइनचा दस्ता पटला की मग चांगल्या लाकडाला हात लावायचा.

मॅचचा विचार असेल तर नियम आधीच बघून घ्या. १० मीटर एअर रायफलचं सगळं मिळून वजन ५.५ किलोच्या आत लागतं, आणि दस्त्याला अंगठ्याचं भोक, अंगठा टेकायचा आधार, पुढच्या हाताखाली पाम रेस्ट हे चालत नाही. इंटरनेटवर दिसणारे सुंदर थंबहोल दस्ते बघून मोहात पडू नका, तिला तपासणीतच अडवतील.

प्रश्न : मी फर्निचरचं काम करतो, वीस वर्षं झाली. एका गिऱ्हाइकानं एअर रायफलचा दस्ता करायला सांगितलाय. माझ्याकडे जुन्या वाड्याची सागवानी तुळई आहे, एकदम कोरडी. ती वापरू का शिसव आणू? बीच पण मिळतं. अक्रोडच लागतं असं काही आहे का?
— एक सुतार, इस्लामपूर

उत्तर : मिस्त्री, तुमच्या हाताला बाकी काही शिकवायची गरज नाही, पण फर्निचर आणि दस्ता यात एक मोठा फरक आहे. टेबलाचा पाय सगळीकडे जवळपास सारख्याच जाडीचा असतो. दस्त्याला मध्येच बारीक कंबर असते, ग्रिपपाशी, आणि पडला, आपटला की तो तिथेच मोडतो. त्यामुळे लाकडाची जात कुठली यापेक्षा त्या कंबरेतून रेषा कशा जातायत हे शंभरपट महत्त्वाचं. तिथे रेषा कंबरेच्या लांबीला समांतर पाहिजेत, ग्रिपच्या वळणाकडे थोड्या उतरत्या असल्या तर उत्तम. आडव्या तोडून जाणाऱ्या नकोत. गाठ नको, भेग नको, नक्षीदार वेडीवाकडी रेषा तर तिथे अजिबात नको. नक्षी हवी असेल तर ती मागे बटमध्ये येऊ दे, तिथे लाकूड जाड असतं. पुठ्ठ्यावर दस्त्याचा आकार कापून घ्या आणि तो फळीवर फिरवत फिरवत जागा शोधा, दोन्ही बाजूंनी बघा, कारण एका बाजूला सरळ दिसणारी रेषा दुसऱ्या बाजूला तिरकी निघालेली असते. या शोधात अर्धा दिवस गेला तरी तो सत्कारणी लागला म्हणायचा.

आता तुमची तुळई. जुनं सागवान मुरलेलं असतं, वाकत नाही, पावसाळ्यात फुगत नाही, या तिन्ही गोष्टी दस्त्याला हव्यातच. पण सागवान चिरतं, पातळ भिंत ठेवली की कडेला फटकन ढलपा निघतो, आणि त्यात सिलिका असते त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एअर रायफलला मोठा धक्का नसतो म्हणून सागवान चालून जातं. चिकटवायचं असेल तर जोडाचा भाग आधी अॅसिटोननं पुसा, सागाचं स्वतःचं तेल गोंद धरू देत नाही. आणि तुळईत जुने खिळे मोडून राहिलेले असतात, रंधा लावायच्या आधी चांगलं लोहचुंबक सगळीकडून फिरवा.

शिसव आणि शिसम दोन्ही मजबूत, दिसायला देखणे, पण जड. सागाचा दस्ता १.३ किलोचा झाला तर तोच आकार शिसमाचा दीड किलोच्या वर जातो. गिऱ्हाईक मोठा माणूस असेल तर हरकत नाही, लहान मुलासाठी असेल तर नको. शिवाय शिसवीच्या भुशानं काहीजणांना अंगावर पुरळ उठतं. आंबा नको, तो वाकतो आणि त्याला कीड लागते. बाभूळ गाडीच्या चाकाला, औताला पिढ्यानपिढ्या चालत आली, ती ताकदीला कमी नाही, पण सरळ रेषेची मोठी फळी मिळत नाही आणि वाळताना चिरते.

अक्रोडच लागतं असं नाही, पण अक्रोडाचं नाव उगाच झालेलं नाही. ते हलकं आहे तरी चिवट आहे, एकदा वाळलं की जागचं हलत नाही, आणि पटाशीखाली कुठल्याही दिशेनं स्वच्छ कापलं जातं, बारीक खाचसुद्धा धारदार राहते. श्रीनगरचे कारागीर एवढं बारीक कोरीव काम अक्रोडातच करतात ते त्यामुळेच. काश्मीरमध्ये अक्रोडाचं झाड तोडायला परवानगी लागते, १९६९ पासून तसा कायदा आहे, म्हणून कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर बिल मागा, बिल नसेल तर घेऊ नका.

पहिल्याच कामाला मी तुम्हाला बीच सांगेन. वखारीत सहज मिळतं, एकसारखं असतं, भिंती पातळ झाल्या तरी धरून राहतं, युरोपातल्या कितीतरी एअर रायफलींचे दस्ते बीचचेच आहेत. एकच खोड, ओलावा लवकर ओढतं, म्हणजे आतून बाहेरून सील करण्यात कुचराई चालत नाही.

जाड ठोकळा मिळत नसेल तर पाऊण इंची तीन फळ्या चिकटवा, ५७ मिमी जाडी मिळते आणि एकसंध ठोकळ्यापेक्षा ते कमी वाकतं. यात एक सुंदर सोय आहे. मधली फळी चिकटवायच्या आधीच तिच्यात बॅरलची (नळीची) आणि अॅक्शनची (नळीच्या मागची धातूची यंत्रणा) जागा करवतीनं ढोबळ कापून घेता येते, पटाशीचं निम्मं काम वाचतं.

ओलं लाकूड कुठलंही असो, वापरू नका. वखारवाला वाळलेलंच आहे म्हणतो, त्यावर जाऊ नका. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, किचनच्या काट्यावर वजन करून त्याच्यावरच तारीख घालून लिहा, दर आठवड्याला परत करा. वजन उतरायचं थांबलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं की समजा वाळलं. ताज्या कापलेल्या लाकडाला उघड्या हवेत इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्प्रिंग एअर रायफलला दस्ता करतोय. बाहेरचा आकार मस्त जमलाय, आता आतली खाच कोरतोय तर अॅक्शन नीट बसतच नाही, एकीकडे ढिली एकीकडे घट्ट. बसवून मारली तर छर्रे एका जागी पडत नाहीत, दोन दिवसांनी परत वेगळीकडे. काय चुकतंय?
— नाशिक

उत्तर : क्रम उलटा झालाय. बाहेरचा आकार शेवटी करायचा असतो. ठोकळा चौकोनी आहे तोपर्यंत तो व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट बसतो, गुण्या लागतो, मधली रेष दिसते, भोक सरळ पडतं. एकदा बाहेरून गोल केला की यातलं काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी असं, ठोकळा चारी बाजूंनी काटकोनात रंधून घ्या, वरून खालून मधली रेष मारा आणि ती रेष शेवटपर्यंत पुसू देऊ नका, मग स्क्रूची भोकं स्टँडवरच्या ड्रिलनं पाडा, हातातल्या ड्रिलनं नको. मग अॅक्शनची जागा, मग बॅरलची, मग ट्रिगर गार्ड, आणि सगळं बसलं की मगच बाहेर कानस लावायची. पण तुमचा आत्ताचा ठोकळाही फुकट गेलेला नाही, वाचा पुढे.

अंदाजानं कोरू नका. पितळेच्या ताटलीवर तेलाच्या दिव्याचं काजळ धरा, त्यात दोन थेंब तेल घालून पातळ लेप करा, अॅक्शनच्या खालच्या भागाला अगदी पुसट लावा. जागेवर सरळ वरून खाली ठेवा, वरून हलकंच दाबा, सरळ उचला. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथेच टेकतंय, तेवढंच गोल पटाशीनं खरवडा, कागदाएवढं. परत लावा, परत ठेवा. सुरुवातीला दोन तीन ठिपके उमटतील, हळूहळू ते पसरत जातील, आणि सगळीकडे सारखा काळा पट्टा उमटला की बसली म्हणायची. हे कंटाळवाणं वाटतं पण दस्त्याचं सगळं काम खरं तर इथेच आहे, बाहेरचं देखणेपण ही नंतरची गोष्ट. घाई करून एकदा जास्त कोरलं की ती जागा ढिली राहते. तुमची झालीय तशी झाली असेल तर एपॉक्सीनं बेडिंग, म्हणजे अॅक्शनची पक्की बैठक, करता येतं. लाकडाला थोडी जास्त जागा करा, अॅक्शनला बुटाच्या मेणपॉलिशचे दोन हात द्या म्हणजे चिकटणार नाही, स्क्रूच्या भोकांत आणि ट्रिगरच्या फटीत मॉडेलिंग क्ले भरा, एपॉक्सी पसरून अॅक्शन अलगद ठेवा, स्क्रू फक्त टेकवा, आवळू नका. पूर्ण सुकू द्या. मेण लावायला एखादी जागा राहून गेली तर रायफल कायमची दस्त्यात अडकते, म्हणून लावल्यावर उजेडात धरून दोनदा बघा.

आता छर्रे का पसरतात. काडतुसाच्या रायफलचा धक्का एकाच दिशेला, मागे. स्प्रिंग रायफलचा दोन्हीकडे, पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे जाते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे हिसका बसतो. हा दुहेरी हिसका स्क्रू ढिले करतो आणि लाकूड चेपतो. फोरएंडच्या, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागाच्या, बाजूचे दोन स्क्रू नुसत्या लाकडावर आवळले असतील तर प्रत्येक शॉटला स्क्रूचं डोकं थोडं आत जातं, म्हणून तुमचा नेम दोन दिवसांनी सरकतो. तिथे स्टीलचे वाटीसारखे वॉशर लाकडात बसवा आणि स्क्रू त्यांच्यावर आवळू दे. बाजूच्या भिंती ८ मिमीच्या खाली नेऊ नका, कारण खालून कॉकिंग आर्मसाठी, म्हणजे स्प्रिंग ताणणाऱ्या दांड्यासाठी, लांब फट असते, त्यामुळे पुढचा भाग आधीच दोन पातळ फाकांसारखा असतो आणि भेग पडली तर तिथेच पडते.

एक सोपी तपासणी. रायफल रिकामी, कॉक न केलेली, म्हणजे स्प्रिंग न ताणलेली. फोरएंडच्या टोकाला बोटाचं टोक असं ठेवा की ते लाकूड आणि धातू दोन्हीला लागेल, आणि स्क्रू हळू आवळा, हळू सैल करा. बोटाला हालचाल जाणवली तर खाच सपाट नाही, आवळताना धातूला ताण येतोय. जाणवली नाही तर बेडिंग बरोबर.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, रायफल असेल तर हिसका नसतो, बहुतेक एकाच बोल्टवर सगळं बसतं, त्यामुळे त्या बोल्टभोवतीची जागा एकदम सपाट हवी आणि हवेच्या सिलिंडरला लाकूड कुठेही टेकता कामा नये, दाब कमीजास्त झाला की सिलिंडर किंचित हलतो.

आणि काम करताना रायफल कधीही कॉक केलेली नको. बॅरल बिजागरीवर खाली दुमडून उघडी ठेवून आत बोटं घालू नका, छर्रा न घालता चालवून बघू नका, त्यानं स्प्रिंग आणि सील खराब होतात. दस्ता काढलेल्या अवस्थेत तर चालवायचीच नाही.

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो. इथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी त्यांच्या शेतातल्या ब्लॅक वॉलनटचा ठोकळा दिलाय, सात आठ वर्षं गोठ्याच्या माळ्यावर होता. माझ्याकडे हरणाच्या शिकारीची बोल्ट अॅक्शन .३०-०६, काडतुसाची रायफल आहे, तिला दस्ता करायचाय. एअर रायफलपेक्षा काय वेगळं लागेल?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : शेजारी भला माणूस दिसतोय, त्याच्या ठोकळ्याला न्याय द्या. ब्लॅक वॉलनट हे तिकडचं दस्त्याचं पिढीजात लाकूड, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या गारंड रायफलींना तेच होतं. माळ्यावर सात आठ वर्षं वाळलेलं असेल तरी ते घरात आणून काही आठवडे राहू द्या, तुमच्याकडे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा खूप कोरडी होते, लाकूड अजून थोडं आकसेल, ते कापायच्या आधी आकसलेलं बरं.

फरक धक्क्याचा. अॅक्शनच्या पुढच्या भागाखाली एक जाड लोखंडी खूर असतो, रिकॉइल लग. सगळा धक्का त्याच्या मागच्या सपाट बाजूनं लाकडात जातो. ती बाजू पूर्ण टेकली पाहिजे, काजळाचा ठसा तिथे शंभर टक्के उमटेपर्यंत थांबू नका. लगच्या पुढे, बाजूला आणि खाली मात्र थोडी फट ठेवा, एका जाड टेपएवढी. आणि अॅक्शनचं मागचं शेपूट, टँग, त्याच्या मागे लाकूड अजिबात टेकू देऊ नका. तिथे टेकलं तर टँग पाचरीचं काम करते आणि कंबरेत उभी भेग जाते. जुन्या शिकारी रायफलींत टँगच्या मागे जी भेग दिसते ती बहुतेक वेळा याच कारणानं.

स्क्रू नुसत्या लाकडावर आवळू नका. दोन्ही स्क्रूंभोवती अॅल्युमिनियमचे पोकळ खांब, पिलर, एपॉक्सीत बसवा म्हणजे लाकूड फुगो वा आकसो, आवळ तेवढाच राहतो. तुमच्याकडे उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा, तिथे हे फार उपयोगी. बॅरल मोकळी ठेवा, डॉलरची नोट दुमडून बॅरल आणि लाकडामधून अॅक्शनपर्यंत सहज सरकली पाहिजे. लेंथ ऑफ पुल मोजताना थंडीचं जॅकेट घालून मोजा, शिकारीच्या दिवसांत तेच अंगावर असणार. आणि बटला चांगलं रबरी रिकॉइल पॅड लावा.

पहिल्या गोळ्या रेंजवर, अनुभवी माणूस बरोबर घेऊन. वीसेक गोळ्यांनंतर दस्ता उतरवा आणि लगच्या मागची जागा आणि टँगचा मागचा भाग भिंगाखाली बघा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात दारंसुद्धा लागत नाहीत. दस्त्याला पीयू (पॉलियुरेथेन) मारू, लॅकर मारू का तेल? तेलाचं फिनिश टिकेल का?
— रत्नागिरी

उत्तर : बाहेरून तेल, आतून सील, असं माझं मत. लॅकर दिसायला चकचकीत पण आपटलं की टवका उडतो आणि पॅच दिसतो. तेलाचं फिनिश खराब झालं तर त्याच जागेवर परत तेल चोळलं की झालं.

हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल मागा, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. कच्चं जवस तेल नको, ते दिवसेंदिवस चिकटच राहतं. तुंग तेल मिळालं तर ते पाण्याला जास्त चांगलं. आधी लाकूड १२० पासून ३२० नंबरपर्यंत पॉलिशपेपरनं रेषेच्या दिशेनं घासा, मग ओल्या फडक्यानं पुसा, लाकडाची लव उभी राहील, वाळली की ३२० नं हलकेच काढा, असं दोनतीनदा, लव उठायची थांबेपर्यंत. पहिला हात बेलतेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं. नंतरचे हात नुसत्या तेलाचे, अगदी थोडं थोडं, तळहातानं गरम होईस्तोवर चोळायचं, पंधरा वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. दोन हातांमध्ये एरवी एक दिवस, तुमच्याकडच्या जुलैत तीन दिवससुद्धा लागतील, जमलं तर हे काम दिवाळीनंतरच काढा. सहा ते आठ हात.

पण तेल पाणी अडवतं, दमट हवा अडवत नाही, ती हळूहळू आत जातेच. म्हणून आतली सगळी खाच, बॅरलची जागा, स्क्रूची भोकं आणि सगळ्यात जास्त म्हणजे बट प्लेटच्या खालचं उघडं टोक, या सगळ्याला पातळ एपॉक्सी किंवा पीयूचे दोनतीन हात द्या. रेषांची टोकं जिथे उघडी असतात तिथूनच लाकूड सगळ्यात जास्त ओलावा पितं. बाहेरून आरशासारखा केलेला आणि आतून कोरा ठेवलेला दस्ता एका पावसाळ्यात वाकतो. वर्षातून एकदा, मिरगाच्या आधी, बाहेरून मेणाचा हात द्या. रायफल फोमच्या बॅगेत महिनोन्महिने कोंडून ठेवू नका, लाकूड आणि लोखंड दोन्ही खराब होतं.

बेलतेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तेल उष्णता सोडतं, गोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही, आणि फडकं कुणी काडी न लावता पेटतं. खरोखर घरं जळलीयेत यानं. काम झालं की फडकं अंगणात दोरीवर सुटं पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. घरात मुलं, म्हातारी माणसं आहेत, ही एक गोष्ट काहीही झालं तरी पाळा.

प्रश्न : आजोबांची लायसन्सची बाराबोअर आता वडलांच्या नावावर आहे. दस्ता कंबरेत तडकलाय. फेविकॉल, अरल्डाइट लावून घरीच बसवू का? नाहीतर नवीनच करू?
— सातारा

उत्तर : दोन्ही नका करू. लायसन्स बंदूक बाळगायचं आहे, दुरुस्तीचं नाही. वडलांनी स्वतः लायसन्स घेऊन परवानाधारक गनस्मिथकडे जायचं आणि पावती घ्यायची. कायदा बाजूला ठेवला तरी कंबरेतली भेग वरून गोंद भरून धरत नाही, आत तेल मुरलेलं असतं, ते काढावं लागतं, आतून पिन घालावी लागते, आणि बाराबोअरचा धक्का थेट तिथेच येतो. तडकलेल्या दस्त्यानं एकही बार काढू नका. जुना दस्ता मात्र फेकू देऊ नका, गनस्मिथला नवा करताना आजोबांच्या अंगाला बसलेली सगळी मापं त्यातूनच मिळतात.

प्रश्न : पुण्यात वन बीएचकेमध्ये राहते, बाल्कनीत काम करीन. मशीन नाहीत. कुठली हत्यारं घेऊ? आणि ग्रिपवर ती जाळीदार नक्षी, चेकरिंग, घरी जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल ताई. व्हाइस एक, भक्कम, पाटाला बोल्टनं आवळलेला, यात पैसे वाचवू नका. एक करवत, एक रंधा, सपाट पटाश्या दोन, गोल पटाश्या दोन, लाकडाची दातेरी रास्प, अर्धगोल कानस, गुण्या, धार लावायचा दगड. बॅरलच्या खाचेसाठी बॅरलपेक्षा किंचित जाड पाइप घ्या, त्याला पॉलिशपेपर गुंडाळा आणि मागेपुढे घासा, मशीनसारखी साफ खाच येते. स्क्रूची भोकं तेवढी जवळच्या एखाद्या वर्कशॉपमधून स्टँड ड्रिलवर पाडून आणा. धार रोज लावा, बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि मग घसरते, हात नेहमी धारेच्या मागे.

भुशासाठी चांगला एन-९५ मास्क प्रत्येक वेळी. लाकडाचा भुसा कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं १९९५ मध्येच घातलाय, आणि तुम्ही राहता त्याच खोल्यांमध्ये तो उडणार. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा.

चेकरिंग शेवटी, तेलाचे दोनतीन हात झाल्यावर, म्हणजे रेघा तुटत नाहीत. इंचाला १८ रेघांनी सुरुवात करा, २४ वगैरे नंतर. आधी दोन मुख्य तिरक्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या, पातळ प्लास्टिकची पट्टी वळणावर धरून मारायच्या, बाकीच्या सगळ्या त्यांच्या आधारानं जातात, म्हणून त्या दोन चुकल्या तर पुढे काहीच जुळत नाही. हिऱ्याचा आकार उभ्यापेक्षा आडवा कमी ठेवा, साधारण तीनास एक, हाताला पकड चांगली येते आणि दिसतंही छान. त्याच लाकडाचे उरलेले तुकडे जपून ठेवलेत ना? ग्रिपएवढी गोलाई देऊन आधी त्यांच्यावर पूर्ण नक्षी काढा, रेघा शेवटपर्यंत सरळ आणि सारख्या खोल यायला लागल्या की मग दस्ता व्हाइसमध्ये लावा.